टेस्टपुरतं पथ्य

दिवाळी अंकाच्या संपादकीणबाईंचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. "शारदाताई, तुमच्या कामाचे अनुभव लिहा की. जरा हलकंफुलकं असू दे, सणाचा अंक आहे." मी म्हटलं, "बाई, मी जन्मभर लोकांचं रक्त काढलं. त्यात हलकं काय आणि फुलकं काय?" त्या हसल्या. मला काही हसू आलं नाही. तरी लिहायला बसले आहे, कारण एक गोष्ट पोटात राहून राहून आंबली आहे. ती माझ्या थोरल्या भावाच्या, मधूअण्णाच्या, उजव्या पायाची गोष्ट आहे. पण आधी माझं काम काय होतं ते सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला काही कळायचं नाही.

मी लॅब टेक्निशियन. घर धारवाडला सप्तापुरात, नोकरी हुबळी-धारवाडच्या खासगी लॅबमधून. लोकांना वाटतं, सुई टोचायची आणि रक्त ओढायचं, त्यात काय एवढं? दंडाला पट्टा बांधायचा, मूठ आवळायला सांगायची आणि शीर शोधायची. शीर डोळ्याला दिसते त्यापेक्षा बोटाला जास्त लागते. तालमीतला गडी सुई बघून आडवा होतो आणि सहावारी नेसलेली आजीबाई "टोच गं बाई लवकर, माझी पोळ्यांची कणीक भिजलीय" म्हणते. रक्त ज्या नळीत घालायचं, तिच्या टोपणाचा रंग टेस्टप्रमाणं वेगळा. साखरेच्या नळीला करडं टोपण. जांभळं टोपण इतर टेस्टना असतं, आणि मागच्या तीन महिन्यांची साखर सरासरी कशी होती ते सांगणाऱ्या टेस्टलाही असतं. ही दोन टोपणं तेवढी लक्षात ठेवा.

आता आमच्या गावाचं वैशिष्ट्य. धारवाड हे मास्तरांचं गाव. इथं मनुष्य जन्माला येतो तोच मुळी परीक्षेला बसायला. त्यामुळं रक्ताची तपासणी हीसुद्धा आमच्याकडं परीक्षाच, आणि परीक्षा म्हटली की तयारी आली. उद्या साखर तपासायची म्हणजे चार दिवस आधीपासून कारल्याचा रस, मेथीचं पाणी, भात बंद, रात्री नुसतं ताक. एरवी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत स्कूटर काढणारा माणूस त्या चार दिवसांत पहाटे विद्यापीठाच्या टेकडीला घाम गाळत फेऱ्या मारतो. मग आमच्यापुढं येऊन बाही वर करतो आणि विचारतो, "काय बाई, पास का नापास?" एक निवृत्त हेडमास्तर तर रिपोर्ट हातात घेऊन लॅबमधल्या सगळ्यांना वाचून दाखवायचे. रक्त देऊन झालं की समोरच्या खानावळीत वडा-सांबार आणि वर शिरा. सुटले बिचारे, परीक्षा संपली!

मी सांगायची, "सर, तुम्ही रोज जसं जेवता तसंच जेवून या. खोट्या पथ्याचा रिपोर्ट काय कामाचा?" सर म्हणायचे, "अहो, कुणी अभ्यास न करता पेपराला बसतं का?" रिपोर्ट वाईट आला तर आमचं मशीन बिघडलेलं, आणि चांगला आला तर त्यांचं पुण्य.

खरी दुखणी रिपोर्टात उशिरा येतात, घरात आधी दिसतात. पण घरातल्यांना ती दुखणी वाटतच नाहीत. एक आजी मला कानात म्हणाली होती, "बाई, ह्यांच्या लघवीला मुंग्या लागतात हो मोरीत." मी म्हटलं, "आजी, कधीपासून?" तर म्हणे, "लई दिवस झाले. मी फिनेल घालते." फिनेल घालते! एक बाई रात्री चारदा उठावं लागतं म्हणून संध्याकाळनंतर पाणीच प्यायची बंद झाली होती. दर सहा महिन्यांनी चष्म्याचा नंबर बदलतो, तर दोष चष्मेवाल्याचा. खरचटलेलं महिनाभर भरत नाही, तर दृष्ट लागली. आणि सगळ्यांत राग येतो तो याचा, की काही न करता माणूस बारीक व्हायला लागला की लग्नाकार्यात सगळे त्याचं कौतुक करतात. "वा वा, काय मेन्टेन केलंय!" आतून शरीर वितळतंय आणि बाहेर हार घालताहेत. दुखणं अंगावर काढण्यात आमच्या लोकांचा हात कुणी धरायचा नाही.

हे सगळं मी परक्या लोकांचं सांगते आहे. आता घरचं सांगते.

मधूअण्णा माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. राहायला जुन्या हुबळीत, आणि गोकुळ रोडवर त्याचं लेथचं वर्कशॉप. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, चार माणसं. पंपाचे शाफ्ट करून द्यायचा. हाताचा पक्का आणि बोलायला मिस्कील. वडील लवकर गेले, तेव्हा माझं शिक्षण त्यानंच केलं. त्यामुळं मी त्याला कितीही बोलले तरी एका मर्यादेपलीकडं माझा आवाज चढत नसे.

त्याला साखर निघाली त्याला बरीच वर्षं झाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पथ्य सांगितलं, दर तीन महिन्यांनी येऊन दाखवा म्हणाले. अण्णा एकदा गेला, दोनदा गेला. मग म्हणाला, "घरात लॅब असताना डॉक्टरच्या दारात कशाला ताटकळत बसू?" घरातली लॅब म्हणजे मी. दर तीन महिन्यांनी एका रविवारी सकाळी मी हुबळीला जायची, त्याचं रक्त घ्यायची, लॅबमध्ये नेऊन टेस्ट लावायची, रिपोर्ट फोनवर पाठवायची. रिपोर्ट नॉर्मल, मग डॉक्टरकडं जायचं कारण काय? त्याच्या हिशोबात रक्त तपासलं म्हणजे औषध झालं. ही समजूत त्याच्या एकट्याची नाही. या दोन्ही गावांत घरोघरी बोटाला टोचायची यंत्रं आली आहेत आणि लोक आकडा बघून देवाला नमस्कार करून कामाला लागतात.

आणि अण्णाचा रिपोर्ट नॉर्मल का यायचा, तर तोही परीक्षार्थीच. मी रविवारी येणार म्हटलं की बुधवारपासून गोळ्या सुरू. अर्धी भाकरी, पालेभाजी, पहाटे उणकल तळ्याला फेरी. सोमवारी गोळ्यांना सुट्टी. मी वहिनींना विचारलं तर म्हणायच्या, "अहो, ते तुमच्या धाकानं तरी चार दिवस नीट वागतात, तेवढंच बरं." एकदा मी जांभळ्या टोपणाची नळी बरोबर नेली. त्यानं लगेच ओळखली. माझ्यासोबत राहून टोपणं त्यालाही पाठ झाली होती.

"ती कशाला आणलीस?"

"तीन महिन्यांचं कळतं त्यात. एकदा बघू या की, अण्णा."

"नको. ती चहाडखोर टेस्ट आहे. आत ठेव ती नळी."

"अरे, पण चहाडी खरी असेल तर?"

"शारदे, स्वातीचं लग्न होऊ दे. मग काय लावायच्यात त्या सगळ्या टेस्ट लाव. तोवर माझ्या नावावर कागद नको."

स्वाती त्याची एकुलती एक मुलगी, कॉलेजात शिकवते. तिच्यासाठी स्थळं बघणं चाललं होतं, आणि आमच्या लोकांत स्थळ बघताना हल्ली कुंडलीइतकीच चौकशी चालते ती साखरेची. "घरात कुणाला डायबेटिस?" असं सरळ विचारत नाहीत. "चहा बिनसाखरेचा का साखरेचा?" असं विचारून आईबापाकडं बघतात. म्हणून अण्णा पाहुण्यांपुढं दोन चमचे साखर घालून चहा प्यायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची! मी ती नळी पिशवीत परत ठेवली. रक्त त्याचं होतं, त्याच्या मर्जीविना त्यात काय शोधायचं तो माझा अधिकार नव्हता. धंद्याचा नियम आहे तो, आणि तो मी कधी मोडला नाही.

मी निवृत्त झाले तरी अण्णाचं रक्त घ्यायला जायचं काही सुटलं नव्हतं. मागच्या नवरात्राच्या आधीही जाऊन आले होते. रिपोर्ट नेहमीसारखाच, नाकासमोर चालणारा.

खंडेनवमीला त्यानं मला वर्कशॉपमध्ये जेवायला बोलावलं. आमच्याकडं तिला आयुधपूजा म्हणतात आणि गोकुळ रोडवर त्या दिवशी बघण्यासारखं असतं. मशीनं धुऊनपुसून, तेल लावून, झेंडूच्या माळा घालून उभी असतात. फरशी धुतलेली. त्या दिवशी वर्कशॉपचं देऊळ होतं, म्हणून आत कुणी चप्पल घालत नाही. एरवी जाड तळव्याचे बूट घालून वावरणारी माणसं त्या एका दिवशी अनवाणी फिरतात, आणि लेथच्या खाली फटीत लोखंडाचा कीस कितीही झाडला तरी उरतोच. लोखंड सोलताना निघणारी ती कुरळी, पात्यासारखी धारदार चीज. पूजा झाली की कोहळ्यात कुंकू भरून तो दारात फोडतात. लालेलाल होऊन जातं सगळं, आणि लोकांच्या पावलांबरोबर ते कुंकू आतबाहेर पसरतं.

मी पोचले तेव्हा कोहळा फुटला होता. अण्णा नवं धोतर नेसून सगळ्यांना प्रसाद देत हिंडत होता. फरशीवर लाल पावलं उमटलेली. ऑफिसच्या टेबलापासून पाण्याच्या माठापर्यंत, माठापासून लेथपर्यंत. मीही ती ओलांडत गेले, पाय पडू नये म्हणून. मग माठापाशी पाणी प्यायला थांबले आणि सहज खाली पाहिलं. सगळी पावलं उजव्याच पायाची होती. आणि कुंकू वाळलं तरी लालच राहतं, हे मात्र कडेनं तपकिरी पडायला लागलं होतं.

मी तिथं उभ्या असलेल्या इराण्णाला, अण्णाच्या जुन्या कारागिराला, विचारलं, "हे काय?"

"कुंकुम री, अक्कार," तो म्हणाला. कुंकूच की.

मी पेला खाली ठेवला. जन्मभर जे बघितलं ते मला दुसरं कसं वाटेल? मी अण्णाला दंडाला धरून खुर्चीवर बसवलं, आणि सगळ्यांच्या देखत त्याचा पाय मांडीवर घेतला. तळव्यात, अंगठ्याच्या मुळाशी, बोटाच्या पेराएवढा कीस आडवा घुसला होता. पूजा सुरू व्हायच्या आधी कधीतरी घुसला असणार. त्यावर हा माणूस उभा राहून आरती म्हणाला होता.

"अण्णा, दुखत नाही तुला?"

"छे! अगं, कळलंसुद्धा नाही." आणि तो हसला. इराण्णा कौतुकानं म्हणाला, "अण्णांचा पाय म्हणजे लोखंड आहे बघा!" सगळे हसले. अण्णाला ते आवडलं, त्याच्या चेहऱ्यावर दिसलं मला. ज्या पायाला दुखत नाही तो पाय चांगला, असं त्या सगळ्या शहाण्यांना वाटत होतं. अरे, दुखणं हा शरीराचा राखणदार आहे. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की पायाच्या नसा मरतात, आणि तो राखणदार पळून जातो. मग चोर घरात शिरला तरी कोण ओरडणार?

म्हणून इथं थांबून सांगते, सणाचा अंक असो नाहीतर काही असो. ज्याला साखर आहे त्यानं रोज झोपायच्या आधी आपले तळवे बघावेत. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून बघावेत, नाहीतर घरातल्याला बघायला सांगावं. देवळात, वर्कशॉपात, गच्चीवर, कुठं म्हणजे कुठं अनवाणी जाऊ नये. देव रागावत नाही. मऊ मोजे घालून जावं. जखम झाली तर हळद न लावता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. यात न समजण्यासारखं काय आहे? पण पालथ्या घड्यावर पाणी.

कीस मी काढला, जखम धुतली आणि म्हटलं, "ऊठ, आत्ता दवाखान्यात जाऊ." अण्णा म्हणाला, "आज खंडेनवमी. यजमान उठून गेला तर कसं दिसेल? उद्या बघू." उद्या दसरा. उद्या बन्नी द्यायला घरोघर जायचं. शमीची पानं हातात ठेवून मोठ्यांना नमस्कार करायचा, तो चुकवता येत नाही. त्याच संध्याकाळी मी जुन्या हुबळीत त्याच्या घरी गेले तेव्हा वहिनींनी जखमेत हळद भरून वर धोतराचं फाडलेलं फडकं गुंडाळलं होतं.

"वहिनी, हे डॉक्टरला दाखवायलाच पाहिजे. मी हात जोडते तुम्हाला."

"रविवारी बेळगावचे येताहेत हो स्वातीला बघायला. एवढं चांगलं स्थळ! हे आत्ता हॉस्पिटलात गेले तर अर्ध्या तासात गावभर होईल. आणि दुखत कुठाय त्यांना?"

"दुखत नाही म्हणूनच तर!"

"तुझाच रिपोर्ट होता ना नॉर्मल?" अण्णा कॉटवरून म्हणाला. त्याच्या आवाजात थट्टा होती, पण मला ती लागली. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते उगाच नव्हे. मी त्याची बहीण नसते, कुणी परकी डॉक्टरीणबाई असते, तर त्यानं उठून बसून ऐकलं असतं.

मी स्वातीला बाहेर गॅलरीत नेऊन सगळं सांगितलं. पोरगी शहाणी आहे. ती आत जाऊन म्हणाली, "बाबा, रविवारचं रद्द करू या. आधी पाय." तर अण्णानं तिचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाला, "माझी शपथ आहे तुला, एक शब्द बोलायचा नाही." शपथ! मुलीला गप्प बसवायला बापानं स्वतःचं डोकं पुढं केलं आणि पाय मागं लपवला.

रविवारी मी गेले होते. बेळगावचे आई, वडील आणि मुलगा, असे तिघं आले. अण्णानं एकावर एक दोन मोजे चढवले होते आणि खोलीत उदबत्त्यांचा नुसता धूर. तरीही मला तो वास आला. सडलेल्या जखमेचा वास एकदा ओळखीचा झाला की तो अत्तराखाली, उदबत्तीखाली कुठंही सापडतो. मी वहिनींकडं बघितलं, त्यांनी नजर चुकवली. अण्णा दोन चमचे साखरेचा चहा प्यायला. पाहुण्यांना सोडायला फाटकापर्यंत चालत गेला, ताठ. मुलाचे वडील गोविंदराव त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तब्येत छान ठेवलीत हो तुम्ही." पसंती तिथंच ठरली. वहिनींनी देवापुढं साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला थंडी वाजून ताप भरला. त्या संध्याकाळी तो हॉस्पिटलात होता. सर्जन तरुण मुलगी होती, तिनं मोजा कापून काढला आणि बोटानं तळवा दाबून बघितला. मग तिनं विचारलं, "पाय बधिर कधीपासून आहे?"

मला वाटलं, अण्णा म्हणेल, बधिर कुठाय? पण तापानं त्याची ऐट उतरली होती. तो म्हणाला, "स्वाती एम.एस्सी.ला गेली तेव्हापासून. पावलाखाली कापूस ठेवल्यासारखं वाटायचं."

म्हणजे कितीतरी वर्षं. त्याला ठाऊक होतं! मी दर तीन महिन्यांनी त्याच्यासमोर बसून त्याचा दंड धरत होते, आणि टेबलाखाली त्याचे पाय त्या कापसावर टेकलेले होते. एकदा तरी म्हणायचं होतं, शारदे, असं असं होतंय. मी त्याचं काय वाईट केलं असतं? मला त्या क्षणी त्याची दया आली नाही. सरळ राग आला, आणि अजूनही येतो.

आधी अंगठा काढला. मग अर्धं पाऊल. विष वर चढत राहिलं तेव्हा गुडघ्याखालून पाय. प्रत्येक वेळी सही वहिनींनी केली. शेवटच्या सहीनंतर त्या माझ्यावर फिरल्या. "घरात तुम्ही असून असं झालं! एवढी वर्षं रक्त काढत होतात, मग काय बघत होतात?" हॉस्पिटलच्या त्या लांब बोळात, चार लोकांच्या देखत. उलटून बोलले असते तर वहिनींशी जन्माचं तुटलं असतं, आणि त्यांना तरी तेव्हा कोण होतं? पण ते वाक्य मी विसरलेले नाही. नातेवाइकांत अजून तेच बोललं जातं. शारदा एवढी लॅबमधली, आणि भावाचा पाय वाचवता आला नाही.

बेळगावला बातमी पोचायची ती पोचलीच. आता स्थळ मोडणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. स्वाती म्हणत होती, मोडू दे. वहिनी मात्र रोज देवाला साकडं घालत होत्या. अण्णा कुणाशी बोलत नव्हता. डोळे मिटून पडून राहायचा.

मग एका सकाळी गोविंदराव आणि त्यांच्या पत्नी भेटायला आले. वहिनी उठून उभ्या राहिल्या, तोंड पांढरंफटक. गोविंदराव पलंगाशेजारच्या स्टुलावर बसले, जरा घुटमळले, आणि म्हणाले, "मधुकरराव, मन मोठं करा. आम्हीही तुम्हाला सांगितलं नाही. मला पंधरा वर्षं झाली डायबेटिस. तुम्हाला कळलं तर मुलगी देणार नाही, असं हिला वाटलं. लग्न मोडायचा विचार आमच्या मनात नाही. आम्ही कुठल्या तोंडानं मोडणार?"

वहिनी हळूच खाली बसल्या, जमिनीवरच. त्यांच्या तोंडून एवढंच आलं, "आधी एक शब्द बोलला असता तर…"

"तुम्ही तरी कुठं बोललात, वहिनी," गोविंदरावांच्या पत्नी म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. डोळ्यांना पदर लावला त्यांनी. अण्णा टक लावून छताकडं बघत होता आणि त्याच्या कानांवरून पाणी ओघळत होतं. ज्या गोष्टीसाठी त्यानं पाय दिला, ती दोन्ही घरांत होतीच. मी त्याचं डोकं धरून बसले.

तेवढ्यात वॉर्डातली आया दारात आली, हातात एक काळी चप्पल. "हे कोणाचं? तिकडं लिफ्टपाशी पडलं होतं."

आम्ही सगळ्यांनी खाली पाहिलं. गोविंदरावांच्या डाव्या पायात चप्पल होती. उजवा पाय उघडा होता, लिफ्टपासून इथपर्यंत तसाच चालत आलेला.

"अरेच्चा, माझीच की!" ते म्हणाले आणि ओशाळून हसले. "कधी निघाली कळलंच नाही बघा. हल्ली होतं असं."

पायातून चप्पल निघून जाते आणि माणसाला पत्ता लागत नाही, याचा अर्थ काय ते मला कुणी सांगायला नको होतं. मी उठले आणि त्यांच्यासमोर खाली बसले. "गोविंदराव, पाय वर घ्या. तळवा बघू दे मला."

"अहो, राहू दे हो ताई, काही नाही त्यात."

"दाखवा," अण्णा म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याच्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द. त्यानं मान वळवली होती. "व्याही, ती सांगते ते ऐका. दाखवा तिला."

गोविंदरावांनी बायकोकडं बघितलं. तिनं दाराकडं, आया अजून तिथं उभी होती. मग त्यांनी तो पाय हळूच स्टुलाखाली मागं ओढून घेतला.

"दाखवतो ना," ते म्हणाले, "पण आधी लग्न होऊन जाऊ द्या."